वाचकांचे प्रश्न : मॅक्रोला पत्ता नको, नाव सांगा

या वेळच्या पत्रांत दुखणं एकच आहे, फक्त प्रत्येकाचं शीट वेगळं. मॅक्रोच्या, म्हणजे शीटचं काम आपोआप करणाऱ्या, कोडमध्ये सेलचा पत्ता लिहून ठेवलाय, मग कोणीतरी शीटमध्ये एक ओळ घातली नाहीतर कॉलम काढला आणि सगळं बिघडलं. म्हणून आज फक्त नेम्ड रेंज, म्हणजे सेलच्या एखाद्या पट्ट्याला आपण दिलेलं नाव, आणि ते नाव कोडमधून कसं वापरायचं एवढंच घेतलंय. कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्यात, तुम्ही टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करा, मी सुचवलेली नावंसुद्धा.

प्रश्न : ताई, कोल्हापूर जिल्ह्यात आमचं गावातलं दूध संकलन केंद्र आहे, दर दहा दिवसांचं बिल एक्सेलच्या मॅक्रोवर निघतं. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ७.५ ते ९.० असा दराचा तक्ता आहे, तो सी५ ते आर२५ मध्ये. मागच्या महिन्यात भावाने शीटच्या वर दोन ओळी घालून केंद्राचं नाव टाकलं, त्यानंतरच्या बिलात सगळ्यांचे पैसे कमी आले आणि एका म्हाताऱ्या काकांना तर साडेआठ रुपये लिटरने बिल निघालं. लोक घरी आले विचारायला. मॅक्रोला काय झालं? शीटमधले बाकीचे फॉर्म्युले तर बरोबर आहेत.

उत्तर : दादा, आधी ते पैसे लोकांना पुढच्या बिलात फरक म्हणून द्या, तेही प्रत्येकाला कागदावर दाखवून, कारण दुधाच्या धंद्यात मापावरचा विश्वास गेला की तो परत येत नाही. आता कारण सांगते. तुम्ही शीटमध्ये ओळ घातली की एक्सेल शीटमधले फॉर्म्युले स्वतः दुरुस्त करतं, पण मॅक्रोमध्ये तुम्ही रेंज("सी५:आर२५") असं लिहिलंय ते एक्सेलच्या दृष्टीने नुसती अक्षरं आहेत, त्याला एक्सेल हातच लावत नाही. तक्ता खाली सरकून सी७ ते आर२७ ला गेला आणि मॅक्रो अजून पाचव्या ओळीपासूनच मोजतोय, म्हणजे ३.५ फॅटसाठी तो सहावी ओळ म्हणून शीटची दहावी ओळ उचलतो आणि तिथे आता ३.३ फॅटचा दर आहे. प्रत्येकाला दोन पॉइंट कमी फॅटचा दर मिळाला तो असा. आणि काकांचं फॅट नक्की ३.१ लागलं असणार बघा, कारण त्या जागी आता एसएनएफची मथळ्याची ओळ आलीय, तिथला ८.५ हा आकडाच मॅक्रोने दर समजून घेतला.

उपाय सोपा आहे. तक्त्याचे आकडे, म्हणजे आता सी७ ते आर२७, सिलेक्ट करा, फॉर्म्युला बारच्या डावीकडे जी नाव दाखवणारी छोटी चौकट असते तिच्यात दरतक्ता असं टाइप करा आणि एंटर दाबा, एंटर विसरलात तर नाव लागत नाही आणि ही चूक निम्मे लोक करतात. कंट्रोल एफ३ दाबलं की नेम मॅनेजर उघडतो, तिथे नाव दिसलं की झालं. आता वर दहा ओळी घाला नाहीतर अख्खा तक्ता कट करून दुसऱ्या शीटवर पेस्ट करा, नाव त्याच्या मागोमाग जातं.

कोडमध्ये मग असं लिहा : सेट तक्ता = धिसवर्कबुक.नेम्स("दरतक्ता").रेफर्सटूरेंज. पुढे तक्ता.सेल्स(६, ११) म्हटलं की तक्त्यातली सहावी ओळ, अकरावा कॉलम, म्हणजे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. शीट कुठलंही असो, ही मोजणी तक्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासूनच होते.

नुसतं रेंज("दरतक्ता") लिहिलं तरी बऱ्याचदा चालतं, पण मी तरी ते लिहिणार नाही. साध्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या वेगळ्या पानावर, ते त्या क्षणी उघड्या असलेल्या फाइलकडे बघतं, म्हणजे बाजूला दुसरी फाइल उघडी राहिली आणि तीच समोर असली की १००४ नंबरचा एरर. आणि बटणाचा कोड शीटच्याच मॉड्यूलमध्ये असेल तर एक्सेल रेंज म्हणजे याच शीटवरची रेंज असं धरतं, मग नाव दुसऱ्या शीटवर असलं की परत १००४. लोक म्हणतात नाव तर मॅनेजरमध्ये दिसतंय मग सापडत का नाही, तर हे कारण. धिसवर्कबुक.नेम्सने विचारलं की दोन्ही भानगडी मिटतात.

तुमच्या कोडमध्ये अजून एक गोष्ट दिसली आणि ती मला पहिल्या चुकीपेक्षा जास्त लागली. तुम्ही ओळ काढण्यासाठी इंट((फॅट - ३) * १०) + १ केलंय, इंट म्हणजे दशांश कापून टाकणं. कॉम्प्युटर दशांश बायनरीत साठवतो, त्यामुळे ३.३ मधून ३ वजा केले की ०.३ येत नाही, ०.२९९९९ असं काहीतरी येतं, दहाने गुणून इंट केलं की ३ च्या ऐवजी २. म्हणजे ३.३ फॅटवाल्याला तुम्ही दोन ओळी घालायच्या आधीपासून ३.२ चा दर देताय, ३.४ वाल्याला ३.३ चा. इंट काढून राउंड लावा, आज रात्रीच लावा, आणि जुनी बिलं तपासा.

आणि मॅक्रोच्या सुरुवातीला एक पहारा बसवा : तक्ता.रोज.काउंट २१ आणि तक्ता.कॉलम्स.काउंट १६ नसेल तर मेसेज देऊन थांबायचं. कारण तक्त्याच्या मधोमध कोणी ओळ घातली तर नाव मोठं होतं, मग २१ च्या २२ ओळी होतात आणि मोजणी परत चुकते. बिल न निघालेलं परवडतं, चुकीचं निघालेलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरला एका शाळेत लिपिक आहे. आमच्या शीटची नावं मराठीत आहेत, हजेरी, पगार अशी. मॅक्रोमध्ये शीटचं नाव टाइप केलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात आणि एरर ९ येतो. सगळ्या शीटची नावं इंग्रजी करावी लागतील का? साहेब नको म्हणतात.

उत्तर : अजिबात करू नका, साहेबांचं बरोबर आहे. शीटवर युनिकोड मराठी अगदी नीट चालतं पण मॅक्रो लिहायची ती खिडकी जुन्या पद्धतीची आहे, तिला देवनागरी कळत नाही, तुम्ही हजेरी लिहिलं की तिच्या हाती पाच प्रश्नचिन्हं लागतात आणि त्या नावाचं शीट कुठून सापडणार. इथे नेम्ड रेंज फार कामाला येते. हजेरी शीटवरचा डेटा सिलेक्ट करून त्याला हाताने, नावाच्या चौकटीतून, इंग्रजी अक्षरांत हजेरीडेटा नाव द्या. मग कोडमध्ये शीटचं नाव लिहायची वेळच येत नाही, नेम्स("हजेरीडेटा").रेफर्सटूरेंज म्हटलं की एक्सेल मराठी शीटवरची बरोबर जागा काढून देतं, आणि शीटच पाहिजे असेल तर त्याच्यापुढे .पॅरेंट जोडा. उद्या कोणी शीटचं नाव हजेरीपट केलं तरी कोड चालू.

तुमच्या पत्रात खाली अजून एक तक्रार आहे ती पण घेते. दर महिन्याला तुम्ही मागच्या महिन्याच्या शीटची कॉपी काढता आणि मॅक्रो मात्र जूनचीच बेरीज देत राहतो. असं का, तर नाव पूर्ण फाइलचं असतं ते जूनच्या शीटला चिकटलेलं, कॉपी काढली की नव्या शीटवर त्याच नावाची दुसरी प्रत तयार होते पण ती फक्त त्या शीटपुरती. फाइलला विचारलं की जून सांगितला जाणार. म्हणून अशा ठिकाणी, आणि फक्त अशाच ठिकाणी, ॲक्टिव्हशीट.रेंज("हजेरीडेटा") लिहा, तेव्हा एक्सेल आधी त्या शीटचं स्वतःचं नाव बघतं. वर दूधवाल्या दादांना मी याच्या उलट सांगितलंय ते मुद्दाम, त्यांचा तक्ता एकच आहे, तुमच्या हजेऱ्या बारा.

प्रश्न : नमस्कार, नाशिकला हार्डवेअरचं दुकान आहे. मॅक्रोमध्ये टॅक्सचे दर आकड्यात लिहिलेले होते, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा शोधून शोधून बदलावे लागले. म्हणून आता दराच्या सेलला जीएसटी१८ असं नाव द्यायला गेलो, चौकटीत टाइप करून एंटर मारलं तर स्क्रीन कुठेतरी लांब रिकाम्या जागी गेली. कोडमध्ये रेंज("जीएसटी१८") लिहिलं तर एरर नाही, पण टॅक्स शून्य येतो.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी खरंच खुर्चीतून उठले, कारण ही चूक इतकी शांत आहे की महिनाभर कळली नसती. एक्सेल २००७ पासून कॉलम एक्सएफडीपर्यंत जातात, १६,३८४ कॉलम, त्यामुळे जीएसटी नावाचा खराखुरा कॉलम शीटमध्ये आहे! तुम्ही जीएसटी१८ लिहिलं म्हणजे एक्सेलने जीएसटी कॉलमची अठरावी ओळ समजलं, तिथे तुम्हाला नेऊन सोडलं आणि कोडनेही तोच रिकामा सेल वाचला. टॅक्स२०२५, एफवाय२०२५ ही नावंही त्याच कारणाने चालत नाहीत. मध्ये अंडरस्कोअर टाकला, जीएसटी_१८, की चालतं. बाकी नियम फार नाहीत, नावात स्पेस नको, सुरुवात अक्षराने, अंडरस्कोअरने किंवा बॅकस्लॅशने, लहानमोठी लिपी एकच धरतात, आणि नुसतं आर किंवा नुसतं सी हे नाव चालत नाही.

पण माझं ऐकाल तर नावात दर घालूच नका. २२ सप्टेंबरला सिमेंट २८ वरून १८ वर आलं, तुम्ही त्या सेलला जीएसटी_२८ नाव दिलं असतंत तर आज त्यात १८ लिहून बसला असतात आणि पुढे फाइल हातात घेणारा पोरगा गोंधळला असता. दर_सिमेंट, दर_रंग अशी वस्तूची नावं द्या.

आणि दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट. बिलाच्या ओळीत दर_सिमेंटचा फॉर्म्युला ठेवू नका. दर बदलला की ऑगस्टची जुनी बिलंसुद्धा नव्या दराने दिसायला लागतील आणि रिटर्नमध्ये भरलेल्या आकड्याशी जुळणार नाहीत. बिल बनवताना मॅक्रोने नावातून दर वाचायचा आणि बिलात तो आकडा म्हणून लिहून टाकायचा, कायमचा. सोबत दर कधीपासून लागू याची तारीख ठेवलीत तर फारच छान, पण निदान आकडा गोठवा.

कोडमधून नाव बनवायचं असेल तर धिसवर्कबुक.नेम्स.ॲड, त्यात नेम आणि रेफर्सटू अशा दोन गोष्टी द्यायच्या. रेफर्सटूच्या मजकुरात सुरुवातीला बरोबरचं चिन्ह हवंच, "=दर!$बी$४" असं, ते राहिलं तर नाव बनतं पण ते सेलकडे बोट न दाखवता नुसती अक्षरं साठवतं. डॉलरही विसरू नका, डॉलर नसेल तर कर्सर जिथे असेल तिथून जागा मोजली जाते आणि नाव इकडेतिकडे फिरत राहतं.

प्रश्न : बचत गटाची यादी आहे, सभासद नावाची रेंज. नवीन बाई खाली लिहिली की मॅक्रो तिला घेत नाही. आणि एका गटात एकच सभासद राहिली तर टाइप मिसमॅच येतं. (बीड)

उत्तर : नाव मधे ओळ घातली की वाढतं, पण शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलं तर वाढत नाही, त्याला ते आपलं वाटत नाही. सगळ्यात बरं म्हणजे यादी सिलेक्ट करून कंट्रोल टी दाबा, तिचं टेबल करा, टेबल खाली आपोआप वाढतं आणि टेबलच्या कॉलमला दिलेलं नावही बरोबर वाढतं. टेबल नको असेल तर मॅक्रोने नवीन सभासद लिहिल्यावर लगेच नाव नव्याने बसवायचं : र.रिसाइझ(र.रोज.काउंट + १).नेम = "सभासद", इथे र म्हणजे जुनी रेंज. काहीजण ऑफसेट आणि काउंटए ही फंक्शन्स वापरून फुगणारं नाव बनवतात, चालतं, पण यादीत मधे एक सेल रिकामा राहिला की शेवटची बाई गळते, आणि ड्रॉपडाउनमध्ये इनडायरेक्ट लावलं असेल तर असं नाव त्याला समजतच नाही. बायकांच्या पैशाच्या यादीत मी ही जोखीम घेणार नाही.

टाइप मिसमॅचचं असं, की रेंज.व्हॅल्यू एकदम व्हेरिएबलमध्ये घेतली तर दोन किंवा जास्त सेल असताना ॲरे, म्हणजे मूल्यांचा संच, मिळतो आणि एकच सेल असताना नुसतं मूल्य. मग ॲरेचा शेवट विचारणारं युबाउंड लावलं की एरर १३, म्हणजेच टाइप मिसमॅच. आधी र.काउंट = १ आहे का बघा आणि तेव्हा ॲरे स्वतः बनवा.

प्रश्न : आमच्या ऑफिसची फाइल दहा वर्षं हातोहात फिरतेय, नेम मॅनेजरमध्ये शेकड्याने नावं आहेत, निम्म्यांपुढे हॅश रेफ, म्हणजे ज्या सेलकडे बोट होतं तेच उरलेले नाहीत. सगळी उडवणारा मॅक्रो द्याल का? (ठाणे)

उत्तर : सगळी उडवणारा देणार नाही. नाव फॉर्म्युल्यात वापरात असेल आणि ते काढलं तर तो सेल हॅश नेम दाखवायला लागतो, शिवाय प्रिंट एरिया आणि फिल्टर यांचीही नावंच असतात, ती गेली की उद्या प्रिंट भलतीच निघेल. फाइलची कॉपी करा, मग फॉर आय = धिसवर्कबुक.नेम्स.काउंट टू १ स्टेप -१ असं शेवटाकडून या, पुढून आलात तर काढताना क्रम सरकतो. आणि इनस्ट्रने रेफर्सटूमध्ये हॅश रेफ सापडलं तरच .डिलीट. काही नावं लपवलेली असतात, व्हिजिबल फॉल्स, ती मॅनेजरमध्ये दिसत नाहीत पण या फेरीत सापडतात, त्यांची यादी आधी एका रिकाम्या शीटवर छापून बघा, काढायची घाई नको. एक्सेलच्या स्वतःच्या काही नावांवर डिलीट चालत नाही आणि एरर येतो, ती सोडून पुढे जा.

प्रश्न : पायथन शिकतेय, ओपनपायएक्सएल या एक्सेल फाइल लिहिणाऱ्या लायब्ररीने नाव बनवायचं होतं, जुन्या धड्यात डिफाइन्ड_नेम्स.अपेंड होतं, माझ्याकडे ॲट्रिब्यूट एरर. (नागपूर)

उत्तर : धडा जुना आहे गं, तुझी चूक नाही. ३.१ आवृत्तीपासून डिफाइन्ड_नेम्स हे डिक्शनरीसारखं झालंय, वर्कबुक.डिफाइन्ड_नेम्स["सभासद"] = डिफाइन्डनेम(...) असं लिही, एका शीटपुरतं नाव असेल तर तेच वर्कशीटवर. ॲट्र_टेक्स्टमध्ये पत्ता देताना बरोबरचं चिन्ह द्यायचं नाही, वर एक्सेलच्या मॅक्रोला मी द्या म्हटलं त्याच्या बरोबर उलट, आणि दोन्हीकडे काम करणारे इथे हमखास अडकतात. वाचताना .डेस्टिनेशन्स फिरवलं की शीटचं नाव आणि पत्ता अशा जोड्या मिळतात.

एक मोठी सावधगिरी मात्र बाळग. ओपनपायएक्सएल म्हणजे एक्सेल नाही, ते फक्त फाइल लिहितं. इन्सर्ट_रोजने ओळ घातली तर ते नावं सरकवत नाही, फॉर्म्युलेही सरकवत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी आपण नावं वापरतोय तेच इथे मिळत नाही, नाव जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहतं. ओळी घालायच्या असतील तर नाव पण तूच नव्याने लिही. मॅक्रोवाली फाइल उघडताना कीप_व्हीबीए ट्रू ठेव नाहीतर सेव्ह करताना मॅक्रो जातील, आणि डेटा_ओन्ली ट्रू करून उघडलेली फाइल त्याच नावाने कधी सेव्ह करू नकोस, सगळे फॉर्म्युले जाऊन नुसते आकडे उरतात.

प्रश्न : बँकेतून रिटायर झालोय. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमध्ये आम्ही मॅक्रोला बॅकस्लॅश ए असं रेंज नेम द्यायचो आणि ऑल्ट ए दाबायचो. ते आता कुठे गेलं? (पुणे)

उत्तर : काका, किती छान आठवण काढलीत. १९८३ च्या त्या लोटसमध्ये मॅक्रो म्हणजे सेलमध्ये लिहिलेल्या कीच होत्या आणि त्यांना ओळख मिळायची ती रेंज नेममुळे, म्हणजे नाव आणि कोड तेव्हापासूनच जोडीने आहेत. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये व्हीबीए, म्हणजे आजच्या मॅक्रोची भाषा, आली आणि कोड सेलमधून निघून स्वतःच्या मॉड्यूलमध्ये राहायला गेला, नावं शीटवरच राहिली. एक्सेल आजही नावाची सुरुवात बॅकस्लॅशने करू देतं, करून बघा.

प्रश्न : डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स गूगल शीटवर आहे, थकबाकीचे मेल पाठवायला ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगलचा मॅक्रो, लिहिलीय. २४० फ्लॅट आहेत, अर्ध्यात सहा मिनिटांनी बंद पडते. कधी कधी नलचा, म्हणजे काहीच न मिळाल्याचा, एरर पण येतो.

उत्तर : तुम्ही प्रत्येक फ्लॅटसाठी लूपच्या आत गेटरेंजबायनेम आणि गेटव्हॅल्यू करताय, म्हणजे २४० वेळा शीटकडे फेरी, आणि स्क्रिप्टला एका वेळी सहा मिनिटंच मिळतात. लूपच्या बाहेर एकदाच गेटरेंजबायनेम("थकबाकी").गेटव्हॅल्यूज() घ्या, सगळा पट्टा ॲरेमध्ये येतो, मग त्यातच फिरा. इथे मोजणी शून्यापासून सुरू होते हं, एक्सेलच्या मॅक्रोत एकपासून, त्यामुळे मॅक्रो जसाच्या तसा उतरवलात तर पहिल्या फ्लॅटला मेल जाणार नाही.

नल येतं कारण गूगलमध्ये नाव सापडलं नाही तर तिथल्या तिथे एरर येत नाही, गेटरेंजबायनेम गुपचूप नल देतं आणि पुढची ओळ कोसळते. कमिटीतल्या कोणीतरी डेटा मेनूतल्या नेम्ड रेंजेसमध्ये जाऊन नाव बदललं असणार. घेतल्या घेतल्या नल आहे का तपासा, असेल तर एकही मेल न पाठवता थांबा आणि फक्त सेक्रेटरींना कळवा की थकबाकी नावाची रेंज सापडत नाही, कारण अर्ध्या इमारतीला मेल गेले आणि अर्ध्या राहिल्या तर पुढच्या मीटिंगमध्ये उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. आणि मेल पाठवला की त्या फ्लॅटच्या ओळीत तारीख टाकत जा, म्हणजे स्क्रिप्ट मधेच थांबली तरी परत चालवताना कोणाला दोनदा जाणार नाही.